सापांचा शेजार

साप हा एकलकोंडा प्राणी आहे, आणि त्याला मारणाऱ्याचा माग काढीत त्याचा जोडीदार येतो, या दोन परस्परविरोधी समजुती मराठी मनात सुखाने एकत्र नांदत आल्या आहेत. मुलुंड, भांडुप वा बोरिवलीच्या डोंगरउतारावरील एखाद्या वसाहतीत साप निघावा, चार दिवसांनी तसाच दुसरा दिसावा, की ही जोडीच होती आणि तिने डूख धरला, असा निवाडा तत्काळ होतो. दुसऱ्या सापाच्या पाठीत काठी बसते ती या निवाड्याच्या आधारे. नाग आणि धामण यांचे मीलन म्हणून जे दृश्य लोक हात जोडून पाहतात, ती बहुधा धामण जातीच्याच दोन नरांची झुंज असते, हे सर्पतज्ज्ञ सांगून थकले. सुडाची कथा खोटी आहे, यात शंका नाही. परंतु ती खोटी आहे म्हणून सापाला दुसऱ्या सापाशी काही कर्तव्यच नसते, हा निष्कर्षही तितकाच घाईचा ठरू लागला आहे.

या प्रश्नाचे मूळ थंडीतल्या बिळांत आहे. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील नार्सिस येथे चुनखडीच्या भेगांमध्ये 'गार्टर' जातीचे हजारो साप दर हिवाळ्यात एकत्र उतरतात. उन्हाळ्यात ते दूरवरच्या पाणथळ जागी पांगतात आणि शरद ऋतूत पुन्हा त्याच भेगांकडे परततात. त्यांच्या वाटेवर महामार्ग आला आणि चाकांखाली साप चिरडू लागले, तेव्हा तेथील शासनाने रस्त्याखालून बोगदे काढून दिले. भारतातील उदाहरण इतके भव्य नसले तरी अधिक जवळचे आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी 1980 च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील अजगरांचा अभ्यास केला. तेथे साळिंदरांच्या बिळांतून अजगर हिवाळा काढतात आणि ऊन पडले की एकाच बिळाच्या तोंडाशी अनेक जण अंग शेकत पडलेले दिसतात.

याला समाज म्हणावे काय? दीर्घकाळ शास्त्रज्ञांचे उत्तर 'नाही' असे होते आणि त्यामागील तर्क अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही सहज पटावा असा होता. गोठणरेषेखालच्या प्रदेशात न गोठणारी भेग ही दुर्मिळ वस्तू आहे. दुर्मिळ वस्तूभोवती गर्दी जमते. गर्दीतील प्रत्येकाला वस्तू हवी असते, शेजारी नव्हे. बोरिवलीहून सकाळी सुटणाऱ्या जलद गाडीत माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात, ती काही परस्परांच्या ओढीने नव्हे.

मात्र त्याच गाडीत रोज ठरलेल्या डब्यात ठरलेली माणसे जमून भजन म्हणतात, हेही खरे. गर्दी सक्तीची असली तरी तिच्यातील शेजार निवडलेला असू शकतो. तेव्हा साप एकत्र आले की नाही, हा प्रश्नच गौण आहे. एकत्र येताना ते कोणाजवळ बसले, हे पाहिले पाहिजे. ग्राहकाची आवड त्याला विचारून कळत नाही, पर्याय समोर असताना तो काय उचलतो त्यावरून कळते, हे अर्थशास्त्रातील जुने सूत्र आहे. सापाला तर विचारण्याचीही सोय नाही.

हीच कसोटी कॅनडातील स्किनर आणि मिलर या दोन संशोधकांनी लावली. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात गार्टर जातीच्या लहान सापांना चार आडोसे असलेल्या जागेत ठेवले होते. साप चारही आडोशांत सारखे वाटले गेले नाहीत. त्यांनी तीन ते आठ जणांचे गट केले. गट मोडून, आडोसे पुसून, सापांच्या जागा बदलून टाकल्या, तरी बरेच साप पुन्हा आपल्या पूर्वीच्याच सोबत्यांकडे गेले. अमेरिकेत शेपटीचा खुळखुळा वाजविणाऱ्या विषारी सापांवर रूलॉन क्लार्क यांनी केलेले काम त्याहून जुने आहे. एकाच विणीतील बहिणी परक्या माद्यांपेक्षा एकमेकींच्या अधिक जवळ विसावतात, असे त्यांनी 2004 मध्ये दाखविले. 2012 मध्ये रानातील सापांची जनुकीय तपासणी करून, गाभण माद्या आणि पिले नात्यातल्यांजवळ जमतात, असेही आढळले. कॅलिफोर्नियातील 2023 चा एक प्रयोग तर अधिकच बोलका आहे. सापाला भेदरविले असता, तो एकटा असताना त्याच्या हृदयाचे ठोके जितके वाढले, तितके दुसरा साप सोबत असताना वाढले नाहीत.

यावरून सापाला मुंगीचे वा माकडाचे सामाजिक जीवन बहाल करणे हास्यास्पद होईल. यातील काही प्रयोग बंदिस्त जागेतले आहेत आणि जाती थोड्या आहेत. परंतु 'केवळ गर्दी' हे जुने उत्तर आता पुरेसे राहिलेले नाही.

उपनगरांतील वाचक म्हणेल की, येथे हिवाळाच कुठे आहे? सांताक्रूझच्या वेधशाळेतील पारा जानेवारी 1962 मध्ये 7.4 अंशांपर्यंत उतरला, तो विक्रम म्हणून आजही सांगितला जातो. अशा हवेत नाग, घोणस वा धामण यांना शीतनिद्रेसाठी सामाईक बिळाची सक्ती नाही. तरीही हा प्रश्न येथे लागू पडतो, कारण उपनगरांत साप रोज हलविले जातात. सर्पमित्र इमारतीतून साप पकडतात, वनखात्याकडे नोंद होते आणि साप रानात सोडला जातो. काठीपेक्षा हे शतपटीने बरे. 1972 च्या वन्यजीव कायद्याला तेच अभिप्रेत आहे. पण या व्यवहारामागे एक न तपासलेले गृहीत आहे : साप म्हणजे सुटे नाणे, कोठेही ठेवले तरी मोल तेच. कर्नाटकातील आगुंबे येथे नागराजांना रेडिओयंत्र बसवून केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दूर नेऊन सोडलेला नागराज स्थानिक नागराजासारखा एका परिसरात न राहता लांबच लांब भटकत गेला. सापाला पत्ता असतो, एवढे तरी यातून दिसते. त्या पत्त्यावर ओळखीचे शेजारी असण्याचीही शक्यता आता नाकारता येत नाही.

सुमारे 104 चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधोमध पसरलेले आहे. मुलुंडचा साप बोरिवलीच्या बाजूस सोडणे माणसाच्या दृष्टीने एकाच रानात सोडणे होय; सापाच्या दृष्टीने तो परमुलुख आहे. पकडल्या जागेच्या शक्य तितक्या जवळ, वस्तीला लागून असलेल्या पहिल्याच झाडीत साप सोडावा, असा दंडक वनखात्याने घालावा. रहिवाशांना तो रुचणार नाही, हे उघड आहे. साप नजरेआड जावा एवढीच त्यांची मागणी असते आणि आजवर तीच पुरविली गेली आहे. नोंदवहीत जात आणि तारीख यांबरोबर नेमकी जागा आणि जवळ दुसरा साप होता काय, हे दोन रकाने वाढविण्यास तर पैसाही लागत नाही. उपनगरांतील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी या वह्यांवर वर्षभर काम केले, तर वसाहतीत चार दिवसांनी निघणारा तो दुसरा साप कोण असतो, हे काठी उचलण्यापूर्वी सांगता येईल.