रेघा भरल्या, तरी नेट का रांगतं?



परवाच्या जूनमध्ये मी पवनानगरला ताईकडे गेलो होतो. पोचलो तर घरात सगळ्यांचे चेहरे उतरलेले! भाचीला अकरावीच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता, मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, आणि फोनवर नुसतं चाक फिरत होतं.

"मामा, बघ ना! राउटर इथे शेजारीच आहे. वाय-फायच्या सगळ्या रेघा भरल्यात. तरी पान उघडतच नाही!"

हा राउटर म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी. आत सिमकार्ड आणि बॅटरी. कडेला बाहेरचा अँटेना जोडायला एक बारीकसं छिद्र. झालं! मला हुशारी दाखवायची संधी मिळाली. माझ्या पेटीत अँटेना होता आणि दहा मीटर बारीक केबलही. अँटेना गच्चीवर ठेवला, केबल जिन्यावरून खाली आणली आणि राउटरला जोडली. आणि काय झालं? होतं नव्हतं तेही नेट गेलं!

"अरे, काढ ती वायर आधी!" ताई ओरडली.

मग डोकं शांत ठेवून विचार केला. ही डबी एकाच वेळी दोघांशी बोलते. एकीकडे आपल्या फोनशी, ते वाय-फाय. दुसरीकडे दूरच्या मोबाइल टॉवरशी. फोनवरच्या वाय-फायच्या रेघा फक्त पहिलं बोलणं दाखवतात. आमचं अडलं होतं ते दुसरं! पवनानगरच्या उत्तरेला लोहगड-विसापूर, दक्षिणेला तिकोना, पश्चिमेला धरणाच्या पाण्यापलीकडे तुंग. अशा डोंगरांआड टॉवर गेला की त्याच्या लहरी क्षीण होतात. त्यात आमची डबी तळमजल्यावर, जाड भिंतींच्या आत!

अँटेना मग काय करतो? तो नवी शक्ती निर्माण करत नाही. बॅटरीतला बल्बमागचा चकचकीत वाडगा काढला, तर बल्बचा उजेड सगळीकडे मंद पसरतो. वाडगा बसवला की तोच उजेड एका दिशेला लांब जातो. दिशादर्शी अँटेना लहरींच्या बाबतीत असंच करतो. म्हणून त्याचं तोंड बरोबर दिशेला हवं.

आणि केबल? ती वाटेत सिग्नल खाते! बारीक केबल दहा मीटर असेल, तर जेमतेम दहावा हिस्साही उरत नाही. अँटेनाने कमावलं ते केबलने गमावलं!

आपल्याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडद इथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिथे ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आकाशातल्या अतिक्षीण लहरी टिपतात. तिथेही आलेला सिग्नल लांब केबलमध्ये सोडण्याआधी अँटेनाजवळच वाढवून घेतात. आणि गंमत पाहा, जे डोंगर आम्हाला नडले, तसेच डोंगर तिथे शहरी गोंगाटाच्या लहरी अडवून उपकार करतात!

आम्ही धडा घेतला. केबल लांबवण्याऐवजी राउटरलाच वरच्या खोलीत नेलं. अर्ध्या मीटरची केबल लावली. टॉवर कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, म्हणून भाची एकेका खिडकीशी अँटेना हळूहळू फिरवत राहिली आणि मी राउटरवरच्या मोबाइल सिग्नलच्या रेघा मोजत राहिलो. एक... एक... दोन... तीन! "मामा, हलू नकोस, सापडलं!" रात्री नऊ वाजता फॉर्म गेला. ताईने लगेच चहा टाकला.

तुम्हीही करून पाहा. वहीत घराचा नकाशा काढा. राउटर प्रत्येक खोलीत पाच-पाच मिनिटं ठेवा आणि मोबाइल सिग्नलच्या किती रेघा दिसतात ते लिहा. पत्र्याच्या छपराखाली आणि उघड्या खिडकीशी काय फरक पडतो? पुष्कळदा अँटेना विकत घ्यायची गरजच उरत नाही!

पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. छिद्र नसेल तर डबी फोडून तार जोडू नका, आत बॅटरी असते. विजा चमकत असताना गच्चीवर अँटेना लावायला मुळीच जाऊ नका. आणि मोबाइल सिग्नल वाढवणारे 'बूस्टर' परवानगीशिवाय बसवणं हा कायद्याने गुन्हा आहे.

चला तर, कोणत्या खिडकीत जास्त रेघा दिसल्या, ते आई-बाबांना दाखवा बरं का!