रेबीजचे मूळ रानात नव्हे, गावात
टांझानियातील सेरेंगेटीच्या गवताळ प्रदेशातून १९९१ च्या सुमारास आफ्रिकी रानकुत्र्यांचे कळप नाहीसे झाले. त्यांच्यात रेबीज आढळला होता. हा विषाणू टिकून राहतो तो मात्र भोवतालच्या गावांतील पाळीव कुत्र्यांत. वन्य प्राण्यांत तो मुख्यतः तेथूनच पोहोचतो. म्हणून गावोगावच्या कुत्र्यांना लस टोचण्यात आली आणि माणसांना होणारे संशयित दंशही घटले. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर संसर्गाची साखळी तुटते.

आपल्याकडेही मुख्य धोका कुत्र्यांपासूनच. वृद्ध मंडळी किरकोळ ओरखडा लपवतात, हळदीवर भागवतात. घरच्यांनी आवर्जून विचारावे. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस सुरू करावी. लक्षणे उमटल्यावर उपचार जवळजवळ निष्फळ ठरतात. वय वा मधुमेह या लसीच्या आड येत नाही.