वणवा विझल्यावर

फाल्गुनात आमच्या वाडीवरचा डोंगर पेटला की आम्ही पोरं अंगणात उभी राहून बघायचो. खोटं कशाला बोलू, दहा-अकरा वर्षांचा असताना एकदा काडी मीही ओढली होती. जाळलं की पावसाळ्यात गवत दाट येतं, असं सगळेच म्हणायचे. त्या एका काडीत वरचा सडा गेला आणि खालची कारवीही गेली. मार बसला नाही, कारण कोणी लावलं हे कोणी विचारलंच नाही. आमच्याकडे वणवा 'लागतो', तो कोणी लावत नाही.

आजी तेवढी बापाच्या मागे लागली होती. "आरं, डोंगर बोडका झालाय. मिरगाच्या आधी गुरं वरल्या अंगाला बांध." बापाने हसण्यावारी नेलं. मृगाची पहिलीच जोराची सर आली आणि घरामागच्या वहाळाला पाणी आलं ते काळं. राख, माती, जळक्या काटक्या आणि त्यात घरंगळणारे दगड. पाण्याचा आवाजच नव्हता तो. जात्यात खडे दळावेत तसा आवाज. मोरीच्या तोंडाशी ओंडका अडकला, वहाळाने वाट सोडली आणि आमचा गोठा धरला. दोन वासरं गेली. ती काडी माझी होती, हे बाप जाईस्तोवर मी त्याला सांगू शकलो नाही.

आजी जे बोलली त्यामागचं शास्त्र मला फार उशिरा कळलं. गवत-पाचोळा नसला की थेंब थेट मातीवर आदळतो. झाडोरा फार तापून जळला तर मातीत मेणचट थर धरतो आणि पाणी मुरतच नाही. म्हणून जळल्या डोंगरावरून चिखल यायला आठवडाभराची झड लागत नाही, अर्ध्या तासाची एक दणदणीत सर पुरते. 'दोन-चार दिवस पाऊस लागू दे, मग बघू,' असं म्हणणाऱ्यांना हे कोणीतरी ओरडून सांगायला हवं.

पुतण्या कॅलिफोर्नियात असतो. तिकडे 2017 च्या डिसेंबरात थॉमस नावाचा मोठा वणवा लागला. महिना-सव्वा महिन्यात, 9 जानेवारी 2018 च्या पहाटे, त्याच जळल्या डोंगरावरून मॉन्टेसिटो गावावर चिखल आणि मोटारीएवढे धोंडे आले. 23 माणसं गेली. पैसेवाल्यांचं गाव, इशाराही आधी दिलेला. पण आगीपायी नुकतीच घरं सोडून परतलेली माणसं पुन्हा निघायला कंटाळली. जिथे निघायची सक्ती नव्हती, तिथेच जास्त मेली.

आपल्याकडे 30 जुलै 2014 ला माळीण गेलं, 151 माणसं. एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन गेला तेव्हा गाव जागेवर नाही हे बाहेर कळलं. 2021 ला तळिये, 2023 ला इर्शाळवाडी. या दरडी वणव्याने आल्या असं मी म्हणत नाही, त्यांची कारणं वेगळी. पण इर्शाळवाडीचं नाव धोक्याच्या यादीत नव्हतं, हे विसरू नका. आमचंही नाही. म्हणून आम्ही निर्धास्त!

दर जूनला नोटीस मात्र येते: 'सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.' स्थळ कुठलं? गावात शाळा एकच, आणि ती वहाळाच्या तोंडाशी. मी विचारलं तर नोटीस चिकटवणारा म्हणाला, "काका, वरून आलीय, मी पोचवली." त्याला तरी काय बोलणार? पण कागद पोचला म्हणजे तयारी झाली, असं ज्यांना वाटतं त्यांनी आषाढात एक रात्र आमच्या पडवीत झोपावं.

शहरातली मंडळी वणव्याचं खापर आमच्यावर फोडतात, आम्ही त्यांच्या तंबूंवर आणि सिगारेटींवर. दोघंही थोडे खरे आहोत. भांडण जरूर करा, पण ते दिवाळीनंतर करा, तेव्हा जाळरेषा काढता येतात. डोंगर जळून गेल्यावर आणि पाऊस तोंडावर असताना हातात महिनाभरच असतो. त्या महिन्यात वहाळाच्या उगमापर्यंत चढून अडकलेले ओंडके काढायचे. मोरी उपसायची. जळकी खोडं सरपणाला खणून आणायची नाहीत, मेली तरी मुळं माती धरतात. म्हातारी-कोतारी कुणाच्या घरी जाणार ते नावानिशी ठरवायचं आणि ती वाट एकदा रात्री, बॅटरी घेऊन, चालून बघायची. पावसात एकाने जागायचं. सरळ काठाचा डबा उघड्यावर ठेवला तरी तासाला किती पडला ते कळतं. आणि धो-धो पाऊस चालू असताना वहाळाचं पाणी एकाएकी आटलं, तर बघायला जायचं नाही. वर कुठेतरी तुंबलंय. आडवं पळायचं, वहाळाच्या कडेकडेने खाली नाही.

याला निधी लागत नाही. ग्रामसभेत हे बोललो तर एकजण म्हणाला, "नाना, अशुभ कशाला बोलता?" वासरं वाहून गेली तेव्हाही अशुभ कोणी बोललं नव्हतं.

यंदा चैत्रात डोंगर पुन्हा जळालाय. येत्या रविवारी मोरी उपसायला घेतोय. फावडी आठ जमलीत, माणसं अजून पाचच.