उत्तरपर्व

उत्तरकृति सरस उतरल्याचें उदाहरण म्हणून आम्हांस भवभूतीचें उत्तररामचरित आठवतें. त्याचेंच महावीरचरित त्यापुढें फिकें वाटतें. ‘वन पंच मॅन’ या जपानी चित्रमालिकेचें मात्र उलट झालें. नातवाच्या आग्रहास्तव आम्हीं तिचीं पहिलीं दोन पर्वें पाहिलीं. २०१५ चें मॅडहाऊस या चित्रशाळेचें, २०१९ चें जे. सी. स्टाफचें, दिग्दर्शकही निराळे. एका ठोशांत शत्रूस लोळविणारा साइतामा सदा कंटाळलेला. भोंवतालचें युद्ध जितकें नेत्रदीपक, तितका त्याचा कंटाळा हास्यजनक. दुसऱ्या पर्वांत रेखाटनच निस्तेज, त्यामुळें विनोदही बसला. तथापि बालपणीं खेळांत नेहमीं राक्षस व्हावें लागलेल्या गारो या प्रतिनायकाइतकें खोल पात्र पहिल्यांत नाहीं, हें आम्हांस कबूल आहे. नातू तेवढ्यावर दुसरें श्रेष्ठ मानतो. आम्हीं अद्याप मानलेलें नाहीं.