काळीज आपल्या यादीत कधी येणार?

मध्यंतरी बैठकीत एका नव्या मुलीने विचारलं, "ताई, कुणाचं घड्याळ वाजतंय?" जुन्या मैत्रिणी हसल्या. ते घड्याळ माझ्या छातीत आहे. हृदयात बसवलेली कृत्रिम झडप मिटताना टिकटिक करते.

अकरा वर्षांची असताना माझा घसा धरला, ताप आला. मग सांधे सुजले; आज गुडघा, उद्या घोटा. "वाढीचं वय आहे," म्हणत आईने तेल चोळलं. त्याच पावसाळ्यात भावाचा घसा दुखला, तेव्हा त्याला एस.टी.ने तालुक्याला नेलं. मी आईला दोष देत नाही. पैसे एकाच्याच औषधापुरते होते, आणि ते कुणावर खर्चायचे हे ठरवणारी ती नव्हती.

हा ऱ्हुमॅटिक ताप. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटतं. सांधे बरे होतात. झडप मात्र वर्षानुवर्षं जाड होत, आकसत जाते. दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांत हा आजार जास्त, आणि झडप आकसलेल्यांमध्ये बायका अधिक. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं. अरुंद दारातून ते पुढे सरकेना की फुप्फुसांत तुंबतं. म्हणून कित्येकींचा आजार कळतो तो पोटुशी असतानाच. मला सातव्या महिन्यात रात्री आडवं होता येईना. "कामाचा कंटाळा," सासूबाई म्हणाल्या. निदान झाल्यावर म्हणाल्या, "आजारी पोरगी गळ्यात मारली."

आता थोडं आपल्याबद्दल. नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध स्त्री संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या मोहिमेमुळे १९८८ मध्ये महाराष्ट्रात कायदा झाला. याचा मला अभिमान आहे. पण बाईचं आरोग्य म्हटलं की आपणही गर्भाशयापाशीच थांबलो, असं मला वाटतं. एका इंजेक्शनाविरुद्ध आपण लढलो. दुसरं एक मागायला हवं होतं. बेंझाथिन पेनिसिलिन. घसा दुखतो तेव्हाच जंतूंवर वेळेत पेनिसिलिनचा उपचार झाला, तर हा ताप टळतो. एकदा ताप येऊन गेला की दर तीन-चार आठवड्यांनी हे इंजेक्शन, वर्षानुवर्षं. ते स्वस्त आहे, त्यामुळे त्यात नफा फारसा नाही आणि पुष्कळदा मिळतही नाही. रिअॅक्शनच्या भीतीने काही डॉक्टर द्यायलाच तयार नसतात. ही भीती अगदी खोटी नाही, पण मग तयारी ठेवून द्यावं!

झडप बदलली की सुटलो, असंही नाही. कृत्रिम झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि वरचेवर रक्त तपासावं लागतं. गोळीने माझी पाळी इतकी जायची की चार-चार दिवस घराबाहेर पडता येत नसे. हे मला कोणत्याही डॉक्टरने आधी सांगितलं नव्हतं. पालेभाजी बंद करा, एवढं मात्र सांगितलं. खरं तर ती बंद करायची नसते, रोज साधारण सारखी खायची असते. पण घरात सगळ्यांना वाढून उरेल ते खाणाऱ्या बाईने "सारखी" कशी खायची? शिवाय ही गोळी पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला अपाय करू शकते, आणि मनानेच बंद केली तर झडपेवर गुठळी होऊन बाई दगावू शकते. मूल हवं की नको, आणि हवं तर कोणती झडप बसवायची, हे तिच्याशी शस्त्रक्रियेआधी बोलायला हवं. माझ्या वेळी सही नवऱ्याची घेतली.

पुढच्या महिन्यात आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दोघी-तिघींनी जाऊन एवढंच विचारा: बेंझाथिन पेनिसिलिन आहे का? नसेल तर कधीपासून नाही? उत्तर तारखेसह लिहून आणा.