भंगारवाल्याआधी मेकॅनिक

दिवाळीच्या आवराआवरीत नांदेड-लातूरकडच्या कित्येक घरांच्या माळ्यावरून एक जड वस्तू खाली येते. समोर ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर व्हॉल्यूम, बास आणि ट्रेबलची मोठी बटणे, मागे स्पीकरच्या तारा अडकवायच्या क्लिपा. आजोबांनी किंवा काकांनी पै-पै साठवून घेतलेला स्टिरिओ ॲम्प्लिफायर. सुरू केला की गुरगुरतो, बटण फिरवले की खरखरतो, कधी एकाच बाजूने वाजतो. मग दारातला भंगारवाला तो ताणकाट्याला लावतो आणि किलोच्या भावाने घेऊन जातो. तो पैसे मोजतो ते मुख्यतः ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याचे आणि हीट सिंकच्या ॲल्युमिनियमचे. चाळीस-पन्नास वर्षांतही सहसा न बिघडणारे आणि आज नव्याने करून घ्यायला सर्वांत महाग पडणारे हेच दोन भाग आहेत, आणि वितळायला जातात तेही हेच. बिघडलेले असते ते बहुधा काही रुपयांचे कंडेन्सर.

हे थांबले पाहिजे. जुने म्हणून प्रत्येक यंत्र जपावे असे कुणी म्हणणार नाही. काही ॲम्प्लिफायर खरोखरच संपलेले असतात. पण तो निर्णय मेकॅनिकच्या टेबलावर, झाकण उघडून आणि मल्टीमीटर लावून व्हावा.

ही यंत्रे इथे आली त्याला एक काळ कारण आहे. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी परदेशी ध्वनियंत्रणेवर जबर कर आणि कडक निर्बंध होते. त्यामुळे मध्यमवर्गीय घरात दिसायचा तो मुंबईचा कॉस्मिक, १९७० मध्ये कोलकात्यात सुरू झालेला सोनोडाइन, नाहीतर फिलिप्स. परदेशी मरांट्झ, पायोनिअर किंवा सान्सुई असलाच तर आखातात नोकरीला गेलेल्या कुणा नातेवाइकाने आणलेला. आणि मंदिर, दर्गा, शाळा, ग्रामपंचायत, गणेश मंडळ, भीमजयंतीची मिरवणूक या सगळ्या ठिकाणी दिल्लीच्या अहुजाचा ॲम्प्लिफायर. ही कंपनी १९४० पासूनची. तिचे भोंग्यासाठीचे यंत्र स्टिरिओ नसते, त्याची रचनाही वेगळी असते. पण गावोगावच्या मेकॅनिकांचा हात बसला तो अशाच यंत्रांवर. प्रल्हाद शिंद्यांच्या कॅसेटी असोत की लताबाईंच्या रेकॉर्डी, मराठवाड्याच्या दोन पिढ्यांनी गाणे ऐकले ते याच यंत्रांतून.

त्या काळच्या चांगल्या ॲम्प्लिफायरवर लिहिलेले वॅट प्रामाणिक होते. वीस वॅट म्हटले तर यंत्र सलग वीस वॅट देत असे. १९९० च्या दशकात ‘पीएमपीओ’ नावाचा आकडा बाजारात आला आणि प्लॅस्टिकच्या हलक्या डब्यांवर हजार-दोन हजार वॅटचे स्टिकर लागले. ज्या डब्याचा ट्रान्सफॉर्मरच तीस वॅटचा आहे तो हजार वॅटचे संगीत सलग देऊ शकत नाही, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रानेही कळते. तरी त्या स्टिकरांनी लोकांची समजूत अशी काही बिघडवली की घरातला वीस वॅटचा खरा ॲम्प्लिफायर त्यांना कमजोर वाटू लागला. एरवी मध्यम आकाराच्या खोलीत, नेहमीच्या स्पीकरवर, ऐकताना दोन-तीन वॅटही पुरतात.

आता बिघाडाकडे. मराठवाड्यात ॲम्प्लिफायर म्हातारा होतो तो उन्हाने आणि विजेने.

प्रत्येक ॲम्प्लिफायरमध्ये इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर असतात. त्यांच्या आत ओलसर रसायन असते आणि उष्णतेने ते हळूहळू सुकते. या धंद्यातला जुना हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की कंडेन्सरचे आयुष्य निम्मे होते. खोलीत २५ अंश असताना यंत्राच्या पोटात ४५ अंश असतील, तर मे महिन्यात नांदेडच्या पत्र्याखालच्या खोलीत ४२ अंश असताना आत ६० च्या पुढे जातात. म्हणजे तोच कंडेन्सर उन्हाळ्यात साधारण एक तृतीयांश आयुष्यच जगतो. लातूर बालाघाटाच्या पठारावर उंच असल्याने तिथे थोडा दिलासा आहे, पण थोडाच. कंडेन्सर सुकला की वीज नीट गाळली जात नाही आणि स्पीकरमधून सतत ‘हंऽऽ’ असा आवाज येत राहतो. लोकांना वाटते ॲम्प्लिफायर गेला. प्रत्यक्षात मोठे दोन कंडेन्सर आणि बोर्डवरचे लहान काही बदलले की तो आवाज बहुतेक वेळा जातो. बदलताना एवढे मात्र बघावे, की ८५ अंशांच्या मापाचे कंडेन्सर न घालता १०५ अंशांचे घालावेत. किमतीत फरक किरकोळ असतो. कागदावरचे तास सारखे धरले तर आयुष्य चौपट मिळते. ८५ अंशांचे घातल्याने पुण्यात फार बिघडणार नाही, आपल्याकडे बिघडते.

विजेची कथा वेगळी. दाब कधी १८० व्होल्टवर घसरतो, डीपी जळते, तासन्‌तास वीज नसते आणि ती परत येते तेव्हा झटक्याने येते. जुन्या यंत्राचा जाड ट्रान्सफॉर्मर असले झटके आजच्या अनेक स्वस्त पॉवर सप्लायपेक्षा चांगले पचवतो. तरी वीज जाताच स्विच बंद करण्याची सवय घरात असावी. स्वस्त इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर चालवला तर तो भुणभुणतो, कारण त्या इन्व्हर्टरची वीज गुळगुळीत लहरीची नसून चौकोनी असते. हा यंत्राचा दोष नाही. केवळ एवढ्यावरून यंत्र विकायला काढलेली घरे आहेत, म्हणून हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

उरली खरखर. ती बहुधा व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये बसलेल्या धुळीची असते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारून बटण काही वेळा पूर्ण फिरवले की जाते. आतली कार्बनची पट्टी झिजली असेल तर पॉट बदलावा लागतो. एका बाजूचा आवाज येत-जात असेल तर सुटलेले सोल्डर, काजळलेला रिले किंवा सिलेक्टर स्विच बघायचा. मोठ्या दुरुस्त्या नाहीत या.

चांगला मेकॅनिक ओळखायचा कसा, हे इथे खरे महत्त्वाचे. वर्षानुवर्षे बंद पडलेले यंत्र तो थेट सॉकेटला लावत नाही. आधी साठ किंवा शंभर वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायचे. भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मग स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून तो स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजतो. काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक. काही व्होल्ट दिसले तर एखादा आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला असण्याचा संभव मोठा, आणि त्या अवस्थेत स्पीकर जोडला तर स्पीकरची कॉइलही जळते. स्टिरिओचा एक मोठा फायदा तो जाणतो: डावा आणि उजवा भाग हुबेहूब सारखे असतात. एक बाजू वाजत असेल तर तिच्यावर मोजलेले व्होल्ट हाच दुसऱ्या बाजूच्या दुरुस्तीचा नकाशा. सर्किटचा कागद हरवला म्हणून काम अडत नाही. घरच्यांनी मात्र स्वतः झाकण उघडू नये. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, आणि व्हॉल्व्हच्या यंत्रात तर ती काही शे व्होल्टची असते.

दुरुस्ती नाकारावी असे प्रसंगही आहेत. ट्रान्सफॉर्मर जळला असेल तर पुन्हा गुंडाळून मिळतो, पण साध्या यंत्रासाठी तो खर्च परवडत नाही. आउटपुटला सान्योची एसटीके आयसी असेल आणि तीच गेली असेल तर सावध राहावे. सान्योचा सेमिकंडक्टर व्यवसाय २०११ मध्ये अमेरिकेच्या ऑन सेमिकंडक्टरकडे गेला, आणि आज बाजारात त्या नावाने मिळणारा माल पुष्कळदा नकली असतो. तोशिबाचे २एससी५२०० आणि २एसए१९४३ हे ट्रान्झिस्टरही असेच नकली मिळतात. वरून सारखे दिसतात, भार पडला की जातात. भाग विश्वासू दुकानातूनच घ्यावेत. नांदेडच्या मेकॅनिकला त्यासाठी हैदराबादच्या कोठीतली गुजराती गल्ली पुण्याच्या पासोड्या विठोबापेक्षा किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा जवळ पडते.

नावावर भुलून खर्च करणे ही आणखी एक चूक. सान्सुई या जपानी कंपनीची सुरुवातच ट्रान्सफॉर्मर बनवण्यापासून झाली आणि तिचे १९७० च्या दशकातले एयू मालिकेचे ॲम्प्लिफायर आजही जगभर शोधले जातात. पण पुढे भारतात सान्सुई हे नाव व्हिडिओकॉन समूहाने वापरले. त्या काळातल्या होम थिएटरवर तेच नाव दिसते म्हणून दोन्हींची योग्यता एक होत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचे औरंगाबाद) चितेगावात कारखाना असलेली व्हिडिओकॉन म्हणजे मराठवाड्याच्या अभिमानाची कंपनी; २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्या नंतरच्या यंत्रांतले खास त्या कंपनीसाठी बनलेले भाग आता मिळवायचे कुठून? उलट त्या यंत्रांहून जुना, सुट्या ट्रान्झिस्टरांचा कॉस्मिक आजही दुरुस्त होतो, कारण त्याचे बहुतेक भाग कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. दुरुस्ती करण्याजोगे काय, हे ठरवताना वयापेक्षा ही गोष्ट पाहावी.

यावर एक रास्त आक्षेप आहे. दोन हजार रुपयांत ब्लूटूथ स्पीकर मिळतो, फोनवरून वाजतो, जागा अडवत नाही. मग हा खटाटोप कशाला? ज्याला स्वयंपाक करताना बातम्या ऐकायच्या आहेत त्याने तो जरूर घ्यावा. पण त्या स्पीकरची बॅटरी काही वर्षांत दम सोडते, आणि डबा असा चिकटवलेला असतो की ती बदलायला तो फोडावा लागतो. जुन्या ॲम्प्लिफायरला फोन जोडायला एक केबल पुरते. मागे गोल पाच पिनांचे सॉकेट असेल तर त्याचा ॲडॉप्टर मिळतो. काही शे रुपयांचा ब्लूटूथ रिसीव्हर लावला की तोही तारेविना वाजतो. समोर दोन बऱ्यापैकी स्पीकर असतील तर तबल्याचा बायाँ आणि गायकाचा श्वास यांच्यामधली जागा ऐकू येते. छोट्या डब्यातून ती येत नाही.

सरकारनेही दुरुस्तीच्या हक्काची भाषा सुरू केली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल उघडले. फ्रान्सने तर २०२१ पासूनच काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे बंधनकारक केले. भारताचे २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यांच्या यादीत ऑडिओ ॲम्प्लिफायरही आहे. म्हणून मेलेले यंत्रही भट्टीत जाता कामा नये. त्याच्या सोल्डरमध्ये शिसे असते, आणि तांब्यासाठी तारा जाळल्या की विषारी धूर होतो. ट्रान्सफॉर्मर, हीट सिंक आणि चालू ट्रान्झिस्टर मेकॅनिकला द्यावेत, उरलेले अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे.

पण पोर्टलने सोल्डर होत नाही. नांदेडच्या वजिराबादमध्ये किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास विचारत फिरले तर ॲम्प्लिफायर जाणणारा माणूस अजून सापडतो. तो पन्नाशी-साठीचा असतो, आणि त्याच्या हाताखाली शिकणारे कुणी नसते. लातूरने दहावी-बारावीच्या निकालांचा एक पॅटर्न देशाला दाखवला. हातात सोल्डरिंग आयर्न देणारा पॅटर्न अजून उभा राहिलेला नाही. साधने मात्र जागेवर आहेत. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, लातुरात पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, नांदेडला १९८१ पासूनचे श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्थान आहे. ट्रान्झिस्टर कसा चालतो हे शिकायला उघड्या बोर्डाच्या जुन्या ॲम्प्लिफायरइतके चांगले साधन क्वचितच मिळेल: प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि चूक झाली तर लगेच ऐकू येते. या संस्थांनी गावातल्या जुन्या मेकॅनिकांना रीतसर मानधन देऊन प्रयोगशाळेत बोलवावे, लोकांची बंद यंत्रे फक्त भागांच्या किमतीत तपासून द्यावीत, आणि १०५ अंशांचे कंडेन्सर व खात्रीचे ट्रान्झिस्टर हैदराबादहून एकत्र मागवावेत. हे काम पुढच्या सत्रापासून सुरू करता येईल; त्यासाठी नवी इमारत लागत नाही, प्राचार्यांची सही लागते.