भुजंगनाथाचे नवे रूप

आमच्या स्नेहमंडळात महिन्यातून एकदा एखादा परदेशी चित्रपट एकत्र बसून पाहावा आणि मग चहाबरोबर त्याची यथेच्छ चिरफाड करावी, असा प्रघात आहे. मंडळी सारी सुविद्य : दोन वकील, एक डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, आमच्यासारखे अध्यापनाचा व्यवसाय करणारे दोघेतिघे, आणि सर्वांची कुटुंबे. मागील खेपेस 'पाम ट्रीज अँड पॉवर लाइन्स' हा अमेरिकन चित्रपट पाहण्यात आला. तो संपून दिवे लागले तेव्हा काही क्षण कोणीच बोलले नाही. नंतर तीन उद्गार निघाले. वकीलसाहेब म्हणाले, "हे सारे भोगून ती मुलगी पुन्हा त्याच्याकडे वळतेच कशी?" बँकवाले गृहस्थ म्हणाले, "तिकडे कुटुंबच मोडले आहे, त्याची ही फळे." आणि दोन मुलींच्या मातोश्री असलेल्या एका बाई म्हणाल्या, "एवढे मात्र खरे, की असले काही मुलींच्या दृष्टीस पडू नये." या तिन्ही उद्गारांना त्या दिवशी सर्वांनी माना डोलावल्या. आम्हीही, संकोचाने का होईना, गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

चित्रपटाची हकीकत थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. जेमी डॅक या दिग्दर्शिकेची ही पहिलीच पूर्ण लांबीची कृती. याच नावाचा एक लघुपट तिने 2018 साली केला होता, त्याचा हा विस्तार. 2022 च्या सनडान्स महोत्सवात हिला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. मोठ्या कंपन्यांच्या भांडवलावाचून, अल्प खर्चात काढलेले हे चित्र आहे, आणि ते तसे असल्यानेच त्यात कोणाची खुशामत नाही. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागातील एक रखरखीत उपनगर. उन्हाळ्याची सुट्टी. ली नावाची सतरा वर्षांची मुलगी. बाप घरात नाही. आई घरांच्या खरेदीविक्रीचा व्यवसाय करते आणि स्वतःच्या एकटेपणात इतकी गुरफटलेली, की मुलीच्या एकटेपणाकडे तिचे लक्ष जात नाही. मित्रमैत्रिणी आहेत, पण त्यांचा सहवास म्हणजे एकत्र कंटाळण्याची सोय. एके रात्री ही टोळी खानावळीत खाऊनपिऊन पैसे न देता पळते. ली मागे राहते व सापडते. तेथे टॉम नावाचा एक गृहस्थ मध्ये पडून तिला सोडवितो. ती पायी घरी निघाली असता तो आपली गाडी तिच्या चालीने शेजारून हळूहळू हाकीत येतो. वय चौतीस. तिच्या वयाची नेमकी दुप्पट.

पुढे काय होते हे वाचकांनी ताडले असेलच. पण ते *कसे* होते हे बहुधा ताडले नसेल, आणि आमचा सारा वाद त्या 'कसे'बद्दल आहे. टॉम तिच्यावर झडप घालीत नाही. तो तिचे ऐकून घेतो. तू तुझ्या वयाच्या मानाने किती समंजस आहेस, असे तिला वाटू देतो. तुझे मित्र तुझ्या योग्यतेचे नाहीत, तुझ्या आईला तुझी किंमत नाही, हे तो सांगतो. आणि कठीण गोष्ट अशी, की यातले बरेचसे खरेच असते. एकेक धागा तुटत जातो आणि शेवटी एकच उरतो, तो टॉमच्या हातात. मग एका समुद्रकाठच्या मुक्कामी तो तिला एका परक्या पुरुषाच्या स्वाधीन करतो, पैसे घेऊन. तेथून ती निसटते, घरी येते, सुरक्षित होते. आणि अखेरीस पुन्हा त्यालाच फोन करते.

आता आमच्या वकीलमित्रांच्या प्रश्नाकडे वळू. परत वळतेच कशी? या प्रश्नात उत्तराची अपेक्षा नसते. त्यात निकाल असतो. जी परत वळली ती मुळात गेलीही आपखुशीने, आणि जी आपखुशीने गेली तिच्यासाठी हळहळण्यात अर्थ नाही, असा तो निकाल. वकिलाने तरी असे म्हणू नये. कॅलिफोर्नियात अठरा वर्षांखालील मुलीची संमती कायद्याच्या हिशेबी संमतीच नव्हे. पैसे घेऊन अशा मुलीचा देह विकणाऱ्यास, तिच्यावर बळजबरी केली होती की नाही हे न पाहता, मनुष्यविक्रयाचा अपराधी मानणारा कायदा अमेरिकेत 2000 सालापासून आहे. आपल्याकडेही बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा 2012 चा कायदा अठरा हीच मर्यादा सांगतो. आणि कायद्याचे राहो. ज्या महाराष्ट्रात 1891 साली संमतिवय दहावरून बारावर नेण्यावरून घराघरांत भाऊभाऊ भांडले, त्या महाराष्ट्रातील सुशिक्षिताने तरी मुलीच्या होकाराची किंमत कशी लावावी याचा विचार एव्हाना पुरा केलेला असावयास हवा होता.

परंतु खरी अडचण कायद्याच्या अज्ञानाची नाही. ती भाषेची आहे. आपल्या वर्तमानपत्रांना अशा प्रसंगी एकच वाक्प्रयोग ठाऊक : 'अल्पवयीन मुलीस फूस लावून पळविले.' फूस ही क्षणाची गोष्ट. कोणी कानाशी लागले, मुलीची मती फिरली, आणि ती गेली. इंग्रजांनी या कृत्यास जो शब्द योजिला आहे, 'ग्रूमिंग', तो अधिक बोलका आहे. ग्रूम म्हणजे मोतद्दार. आणि मूळ अर्थ घोड्यास खरारा करणे. ज्याने कधी पागेत खरारा होताना पाहिला असेल त्याला या शब्दाचे भेदक मर्म कळेल. जनावर बिथरू नये म्हणून मोतद्दार आधी त्याच्या मानेवर हात ठेवतो, तोंडाने चुचकारतो, आणि मग रोज, त्याच वेळी, त्याच हाताने, अंग घासतो. जनावराला ते सुखाचे वाटते. ते त्या हाताची वाट पाहू लागते. मग एके दिवशी पाठीवर खोगीर पडते, तेही त्याच हाताने. खोगीर पडल्यावर घोडा त्या हाताकडे पुन्हा तोंड वळवतो कसा, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. ली परत का वळली? कारण त्या साऱ्या उन्हाळ्यात तिला मायेने हात लावणारा मनुष्य एकच होता, आणि तोच तिचा विक्रेता होता. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात, हे दाखविण्याचे धैर्य या चित्रपटाने केले आहे. तिने त्याच्या तोंडावर थुंकावे आणि पडदा पडावा, अशी आमच्या मित्रांची इच्छा होती. तसे झाले असते तर त्यांना रात्री झोप बरी लागली असती, दुसरे काही नाही.

आता आमच्या मराठी मनाचा एक जुना संस्कार येथे आड येतो, त्याविषयी स्पष्ट लिहितो. देवलांचे 'शारदा' 1899 साली रंगभूमीवर आले. त्या नाटकाने जरठ-कुमारी विवाहाची जी नालस्ती केली तिला तोड नाही, आणि देवलांबद्दल आमच्या मनात आदराखेरीज काही नाही. पण या नाटकाने आम्हाला खलपुरुष ओळखण्याची एक खूण शिकविली, आणि ती आता घातक ठरते आहे. भुजंगनाथ म्हातारा आहे, बोहल्यावर चढण्याची हौस बाळगून हास्यास्पद झालेला आहे. तो रंगमंचावर येताच पोरेसुद्धा हसतात. त्याच्यापासून मुलीला सावध करावे लागत नाही. शारदेला तो पहिल्यापासून नकोसाच आहे. तिचे दुर्दैव तिच्या बापाच्या पैशाच्या लोभात आहे. पुढे तीनचार पिढ्या आम्ही हेच समजत आलो, की मुलीला जो धोका आहे तो तिला किळस येईल असाच दिसेल. टॉम दिसावयास चांगला आहे, मृदू बोलतो, गाडीचे दार उघडून धरतो. आजचा भुजंगनाथ कवळी लावून येत नाही. तो कोदंडाचा अंगरखा घालून येतो. आणि शारदा त्याला नकार देत नाही, कारण आजवर कोणी तिला तिचे मत विचारलेले नसते, आणि हा विचारतो.

दुसरे एक चित्र येथे आठवते, आणि ते आठवल्यावर आमच्या बँकवाल्या स्नेह्यांच्या 'तिकडचे कुटुंब मोडले आहे' या समजुतीचा परामर्श आपोआप घेतला जातो. लोन शर्फिग हिने दिग्दर्शित केलेला 'ॲन एज्युकेशन' हा 2009 चा चित्रपट. लिन बार्बर या इंग्रज लेखिकेच्या आत्मकथनावर आधारलेला. काळ 1961, लंडनजवळचे ट्विकनहॅम. येथे कुटुंब मुळीच मोडलेले नाही. कडक शिस्तीचा बाप आहे, घर सांभाळणारी आई आहे, मुलगी जेनी सोळा वर्षांची, हुशार, ऑक्सफर्डला जावयाचे म्हणून लॅटिनचे धडे गिरविणारी. पुण्याच्या कोणत्याही पेठेत शोभेल असे घर! पावसात चेलो घेऊन उभ्या असलेल्या या मुलीला डेव्हिड नावाचा प्रौढ गृहस्थ म्हणतो, की अनोळखी माणसाच्या गाडीत बसू नये हे योग्यच. पण वाद्य भिजते आहे, तेवढे गाडीत ठेवा आणि तुम्ही शेजारून चाला. येथेही गाडी मुलीच्या चालीने हळूहळू चालते! आणि हा गृहस्थ मुलीच्या आधी तिच्या मातापित्यांना खरारा करतो. बापाला ऑक्सफर्डचे वेड आहे हे हेरून तो ग्रंथकार सी. एस. ल्यूइस यांच्याशी आपला घरोबा असल्याची थाप मारतो, आणि जो बाप मुलीला एका संध्याकाळची मोकळीक देत नव्हता तो तिला त्या माणसाबरोबर परगावी मुक्कामाला पाठवितो. डेव्हिड विवाहित असल्याचे पुढे उघड होते. या चित्रपटाविरुद्ध आमची एक तक्रार आहे : तो फार गोड आहे. पॅरिसची सहल, उंची कपडे, संगीत यांत प्रेक्षकही थोडासा लुब्ध होतो, आणि शेवटी जेनी ऑक्सफर्डला पोचते म्हणून झाले गेले गंगेला मिळाले असे वाटते. पण भक्कम कुटुंबाची तटबंदी आतून, मानाने आणि आदरातिथ्याने उघडली जाते, एवढे त्याने अचूक दाखविले आहे. आपल्या देशातील सरकारी गुन्हेनोंदींचे वार्षिक अहवाल काय सांगतात? बालकांवरील अशा अत्याचारांत आरोपी बहुतांशी ओळखीचाच असतो. ओळखीचा म्हणजे ज्याला आपण पाट मांडून जेवू घालतो तो.

नाबोकोव्हच्या 'लोलिता'चे नाव या प्रसंगी कोणी ना कोणी काढतोच. आमच्याही बैठकीत निघाले. 1955 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीतील मुलगी बारा वर्षांची आहे, आणि सारी कथा तिचा नाश करणाऱ्याच्या तोंडून येते. लेखकाने मुखपृष्ठावर लहान मुलीचे चित्र मुळीच नको म्हणून प्रकाशकास बजाविले होते. पुढे शेकडो मुखपृष्ठांवर मुलीचीच चित्रे आली, आणि 'लोलिता' हा शब्द पुरुषाला भुरळ घालणाऱ्या पोरीसाठी रूढ झाला. फिर्यादीचे नाव आरोपीला चिकटावे असा हा प्रकार. असो.

आता जे लिहावयाचे ते लिहिण्यास हात अडखळतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या पहिल्या वर्गातील एक विद्यार्थिनी तास संपल्यावर आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. मुलगी लहान गावाहून आलेली, नातेवाइकांकडे राहणारी, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी. एक प्रतिष्ठित गृहस्थ, ज्यांना आम्हीही ओळखत होतो, तिला पुस्तके देत, तिच्या कविता वाचीत, तिला गाडीतून घरी सोडीत. एवढे सांगून ती थांबली. तिला पुढे काही सांगावयाचे होते हे आज आम्हाला लख्ख दिसते. त्या दिवशी आम्ही काय विचारले? "पण तू गेलीसच कशाला?" तिने "काही नाही सर" असे म्हटले व ती निघून गेली. सहामाहीनंतर ती वर्गात दिसली नाही. आम्ही हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल रेघ ओढली, नियमाप्रमाणे. तिचे पुढे काय झाले हे आम्ही कधी विचारले नाही, आणि आता कोणाला विचारावे हेही ठाऊक नाही. वकीलसाहेबांचा प्रश्न ऐकून आम्ही त्या दिवशी गप्प का बसलो, ते यावरून कळेल. तो प्रश्न आमचाच होता.

म्हणूनच या चित्रपटातील एक छोटा प्रसंग आम्हाला साऱ्या करुण प्रसंगांहून अधिक झोंबला. टॉम आणि ली एका खानावळीत बसली आहेत. टॉम क्षणभर उठून जातो. तेवढ्यात तेथे वाढणारी बाई लीच्या टेबलाशी येते आणि हलक्या आवाजात विचारते, की तू ठीक आहेस ना, काही मदत हवी का. ली रागावते, तिला झिडकारते. प्रसंग संपला. समीक्षकी दृष्टीने पाहता या प्रसंगाने कथानक तसूभरही पुढे सरकत नाही. पण त्या बाईने 'तू आलीसच कशाला' असे विचारले नाही. तिने पाहिले, ओळखले, आणि नकार मिळणार हे दिसत असूनही विचारले. आमच्याजवळ इंग्रजी वाङ्मयाची पदवी होती, ग्रंथांनी भरलेली कपाटे होती, मुलीने स्वतः येऊन दार ठोठावले होते. त्या वाढपी बाईजवळ यांपैकी काही नव्हते.

चित्रपटात दोष आहेत, ते लपविण्याचे कारण नाही. पहिला अर्धा भाग संथ आहे. मुलांच्या कंटाळ्याचे चित्रण करताना काही ठिकाणी प्रेक्षकालाच कंटाळा येतो. आईचे पात्र आणखी उठावास यावयास हवे होते. दिग्दर्शिकेने तिला शेवटपर्यंत थोडे दूरच ठेवले आहे. समुद्रकाठचा तो प्रसंग पाहवत नाही, आणि तो पाहवू नये याच हेतूने घेतलेला आहे. पण त्यात ओंगळ असे, कोणाची वासना चाळवील असे, काही नाही. हे आम्ही जबाबदारीने लिहितो, कारण तिसरा आक्षेप त्याविषयी होता.

मुलींच्या दृष्टीस पडू नये! आपल्या घरी रोज रात्री ज्या मालिका चालतात, ज्यांत पाठलाग करणारा नायक शेवटी वरमाला घालून घेतो, त्या मुलींच्या दृष्टीस पडलेल्या चालतात. सिनेमातील चाळिशी उलटलेल्या नायकाने कॉलेजातील पोरीपुढे गाणे म्हटलेले चालते. चालत नाही ते एवढेच, की त्या गाण्यानंतर काय होते हे कोणी दाखवावे. त्या बाईंना आम्ही नंतर विचारले, की तुमची थोरली आता किती वर्षांची? म्हणाल्या, सोळा पूर्ण. तिच्या मोबाईलवर कोणाकोणाचे निरोप येतात हे तुम्हाला ठाऊक आहे का, असे विचारताच त्या जरा रागावल्या; आमच्या मुली तसल्या नाहीत, असे म्हणाल्या. लीची आईही, कोणी विचारले असते तर, हेच म्हणाली असती.

आम्ही मंडळापुढे सूचना ठेविली आहे, की येत्या बैठकीस हाच चित्रपट पुन्हा लावावा आणि पंधरा वर्षांवरील मुलामुलींस बरोबर आणावे. मुलांसही, कारण टॉम कोणत्यातरी घरातच वाढतो. वकीलसाहेबांनी मोठ्या नाखुशीने होकार दिला. बँकवाल्यांनी नातीला परीक्षेचे कारण सांगितले. बाईंचे उत्तर अजून आलेले नाही. बैठक महिन्याच्या शेवटच्या रविवारी, सायंकाळी पाच वाजता, आमच्याच घरी आहे.